चिमुकल्या जीवाश्म समुद्री गोगलगायीची नवीन प्रजाती: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावर शंख-शिंपले गोळा करणारी मंडळी, जिऑलॉजी नाहीतर झूलॉजी शिकणारी मुलं, काही शिक्षक, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. मी पाच मिलिमीटरच्या आतल्या जीवाश्म शंखांवर काम करतो, म्हणून उत्तरं त्याच बाजूने येतील. शंख सापडायला एक दुपार पुरते, पण तो आजवर कुणीच नोंदवलेला नाही हे दाखवायला कधी कधी वर्षं जातात, आणि खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ ह्या एकाच गोष्टीत आहे.

चिमुकली म्हणजे नक्की केवढी? आणि ती पिल्लं नसतात हे कशावरून?

एक ते पाच मिलिमीटर धरा, म्हणजे काही तर नाचणीच्या दाण्याएवढीच. पूर्ण वाढलेल्या शंखाच्या तोंडाची कड बहुतेक वेळा जाड होते, कधी बाहेरून वळी येते, कधी आतून दात येतात, आणि पिल्लाची कड मात्र पातळ, धारदार, अर्धवट असते. सगळ्या कुळांत हे इतकं स्पष्ट दिसत नाही, तिथे मग वेढे मोजायचे आणि एकाच थरातले बरेच नमुने शेजारी ठेवून बघायचं.

समुद्रात मोठे शंख जास्त आणि छोटे म्हणजे अपवाद असं लोकांना वाटतं, ते बरोबर नाही. शंखतज्ज्ञ फिलिप बूशे आणि त्यांच्या टीमने पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटाच्या कूमाक भागात जेमतेम २९५ चौरस किलोमीटरमध्ये मृदुकाय म्हणजे शंख-शिंपल्यांच्या गटातल्या प्राण्यांच्या २७३८ प्रजाती मोजल्या, तो पेपर २००२ साली आला, आणि त्यातल्या सुमारे एक तृतीयांश प्रजाती पूर्ण वाढल्यावरही चार मिलिमीटरच्या आसपासच थांबणाऱ्या. जिवंत समुद्रात ही स्थिती, तर जीवाश्मांत नाव न दिलेले छोटे शंख किती पडून असतील विचार करा.

कोकणात हे जीवाश्म मिळतात का?

सरळ सांगतो, चिमुकल्या समुद्री शंखांचे जुने थर हवे असतील तर कोकण ही सोपी जागा नाही. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि लाव्हात शंख टिकत नाहीत. दोन लाव्हांच्या मध्ये साठलेल्या गाळात जीवाश्म असतात पण इकडे ते गोड्या पाण्यातले, मुंबईत वरळीच्या अशाच थरातले छोटे बेडूक प्रसिद्ध आहेत, १८४७ साली रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. (आंध्रात राजमहेंद्रीजवळ मात्र लाव्हाच्या मधल्या थरांत खाडीतले आणि समुद्रातले शंख आहेत, म्हणजे सगळीकडे सारखं नाही.) जांभ्याचं म्हणाल तर तो खडक पार झिजून, धुपून, रासायनिक बदल होऊन तयार झालेला, त्यात चुन्याचं कवच राहणारच नाही. चिरेखाणीत शंखासारखं काही दिसलं तर बहुतेक वेळा तो लोहाचा गाठोळा असतो. रत्नागिरीकडे जांभ्याच्या खाली विहीर खणताना काळा चिकण गाळ आणि लिग्नाइट म्हणजे कच्चा तपकिरी कोळसा लागतो, ते मायोसीन काळातलं (ढोबळ मानाने दोन कोटी तीस लाख ते पन्नास लाख वर्षांपूर्वीचा काळ), त्यात पानं, लाकूड, परागकण मिळतात आणि ते फार मोलाचं आहे, पण शंखवाल्यांच्या ते कामाचं नाही.

किनाऱ्यावर काही ठिकाणी वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने घट्ट चिकटून झालेला खडक दिसतो, त्याला बीचरॉक म्हणतात. त्यात शंख भरपूर असतात पण तो भूशास्त्राच्या हिशोबात अगदी कालचा, काही हजार वर्षांचा, आणि त्यातल्या प्रजाती आज समोरच्या पाण्यात जिवंत असतात.

म्हणून आपल्यातले बहुतेक जण कामाला कच्छमध्ये जातात, तिथे खारी नदी आणि छसरा ह्या नावांचे सुरुवातीच्या मायोसीनचे थर आहेत, म्हणजे ढोबळ मानाने दोन कोटी वर्षांपूर्वीचे, नाहीतर केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवराच्या काठी, तिथले मायोसीन शंख इतके छान टिकलेत की बारीक नक्षीसुद्धा दिसते.

मग कोकणातल्या माणसाने ह्यात पडायचं कशाला?

कारण तुलनेचं सामान तुमच्या दारात आहे! जीवाश्म शंख ओळखायला त्याचे आजचे नातेवाईक हातात लागतात, आणि ते कच्छच्या उन्हात नाही मिळत, ते गुहागर, वेंगुर्ल्याच्या पुळणीवर भरतीच्या रेघेवर जो बारीक कचरा साठतो त्यात मिळतात. मूठभर वाळू आणा, धुवा, सुकवा आणि भिंगाखाली बघा. मेलविल आणि ॲबरक्रॉम्बी यांनी मुंबईच्या समुद्री मृदुकायांची यादी १८९३ साली छापली, नंतर १९०१ साली मेलविल आणि स्टँडन यांनी कॅप्टन टाउनसेंड यांच्या संग्रहावरून इराणचं आखात आणि अरबी समुद्रातल्या शंखांवर मोठं काम केलं, त्यात बारीक शंख खूप आहेत. आपल्या किनाऱ्याच्या बारीक शंखांसाठी आजही ह्या जुन्या कामांकडे वळावं लागतं, आणि मला मनापासून वाटतं की कोकणातल्या एकेका खाडीची बारीक शंखांची नीट फोटोसकट यादी तिथल्याच लोकांनी केली पाहिजे.

पुळणीवर मिळालेला जुनाट, करड्या रंगाचा शंख जीवाश्म असतो का?

रंग उडणं हा पुरावा नाही, ऊन आणि लाटा काही महिन्यांत रंग घालवतात. काळा-करडा रंग खाडीच्या चिखलात पुरून राहिल्यानेही येतो. पोटात दगडासारखा घट्ट गाळ भरलेला असेल तर लक्ष द्यावं, पण तो कुठल्या थरातून निघाला हे माहीत नसेल तर वर्णनाच्या कामासाठी त्याचा उपयोग जवळपास संपतो. थर नाही तर वय नाही.

शंखाला सुईने पाडल्यासारखं गोल भोक आहे, कुणी ओवायला पाडलं होतं का?

नाही, ते दुसऱ्या मांसाहारी गोगलगायीने पाडलेलं. नॅटिसिड कुळातल्या गोगलगायी बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होणारं भोक पाडतात, म्युरिसिड कुळातल्यांचं भोक साधारण सरळ भिंतीचं असतं. अशा नमुन्याला टाकाऊ समजू नका, वर्णन करता येतं आणि कोण कोणाला खात होतं हेही कळतं.

गाळ घरी धुता येतो का?

येतो. आधी चिठ्ठी, मग पाणी, ही सवय लावून घ्या: कुठला, कुठल्या थरातला, कोणत्या तारखेला, हे पिशवीत आणि पिशवीवर दोन्हीकडे पेन्सिलीने लिहिलेलं असलं पाहिजे. गाळ आधी पूर्ण सुकवायचा आणि मग पाण्यात टाकायचा, सुकलेली माती पाण्यात लवकर फुटते. अगदीच हट्टी चिकणमाती असेल तर पातळ केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, हातमोजे घालून आणि उघड्या भांड्यात, झाकण लावून बंद करायचं नाही कारण वायू सुटतो. मग अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर हलक्या पाण्याने धुवा. चहाच्या गाळणीतून नेमके आपल्याला हवे तेच शंख निसटू शकतात म्हणून मापाची चाळणी घ्याच. व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड, ह्यातलं काहीही शंखाजवळ आणू नका, कवच चुन्याचं आहे, विरघळून जाईल. सुकल्यावर काळ्या कागदावर पातळ पसरून ओल्या बारीक ब्रशच्या टोकाने एकेक उचलायचा, चिमटा लावला की फुटलाच समजा.

नवीन आहे हे कळतं कसं?

हाच खरा प्रश्न. आधी कूळ ठरवायचं, मग जीनस म्हणजे कुळातला जवळच्या प्रजातींचा गट, मग त्या जीनसमधल्या त्या काळातल्या आणि त्या प्रदेशातल्या सगळ्या नावांची यादी करायची, आणि एकेक नाव घेऊन आपला नमुना त्यापेक्षा कशात वेगळा ते लिहायचं. एखाद्या नावाशी फरक सांगता आला नाही तर तिथे थांबायचं.

यादी कशी करायची तर मोलस्काबेस नावाचा ऑनलाइन डेटाबेस आहे, त्यात जीवाश्म नावंही असतात, आणि जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. कच्छसाठी सुरुवात जुने शंखतज्ज्ञ सोवर्बी यांच्यापासून, त्यांनी कॅप्टन ग्रँट यांनी गोळा केलेले जीवाश्म १८४० साली वर्णन केले. मग दार्शियाक आणि एम ह्या दोन फ्रेंच तज्ज्ञांचं १८५३-५४ चं भारतातल्या न्युम्युलाइटवाल्या (नाण्यासारख्या चपट्या जीवाश्मांच्या) थरांवरचं काम, मग जिऑलॉजिकल सर्व्हेचे व्रेडेनबर्ग यांचे १९२० च्या दशकातले पेपर. एवढ्यावर भागत नाही. सुरुवातीच्या मायोसीनपर्यंत आपला समुद्र टेथिस नावाच्या पुरातन समुद्राच्या वाटेने भूमध्य समुद्राला जोडलेला होता, ती वाट त्याच काळात हळूहळू बंद झाली, त्यामुळे कच्छच्या शंखाचा भाऊ फ्रान्समध्ये निघू शकतो, ओमानमध्ये निघू शकतो, टांझानियात निघू शकतो. ओमान आणि टांझानियाच्या शंखांवर व्हिएन्नाच्या म्युझियमचे मथियास हार्झहाउझर यांचं काम आहे, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. पूर्वेला जावाचे जीवाश्म, त्यावर कार्ल मार्टिन यांनी आयुष्य घालवलं.

आता अडचण अशी की जुन्या पुस्तकांतली चित्रं हाताने काढलेली, त्यात तीन मिलिमीटरच्या शंखाची नक्षी चित्रकाराला जशी दिसली तशी, आणि वर्णन चार ओळींचं. म्हणून मूळ नमुनाच बघावा लागतो, तो लंडनला असेल, कोलकात्याला असेल, कधी हरवलेला असेल. हल्ली म्युझियमला नम्रपणे ईमेल केली तर बरेचदा फोटो काढून पाठवतात.

आणि सगळ्यात जास्त घात कशाने होतो माहितीये का, एकाच प्रजातीतल्या फरकांनी. एकाच थरातल्या शंखांत कुणाच्या शेवटच्या वेढ्यावर बारा उभ्या कडा, कुणाच्या पंधरा, कुणी बुटका, कुणी सडपातळ. दोन टोकं उचलली तर दोन प्रजाती वाटतात, सगळे रांगेत लावले की मधले दुवे दिसतात आणि एकच ठरते. झिजलेल्या नमुन्याची नक्षी पुसलेली असते, तोही वेगळा वाटतो.

टोकाचा एवढा बाऊ का? टोक मोडलं असेल तर?

शंखाच्या टोकाचे अगदी पहिले वेढे म्हणजे प्रोटोकॉन्च, अळी असतानाचं कवच, ते आयुष्यभर टोकाला राहतं. तिथे अनेक वेढे आणि सुरुवात अगदी बारीक असेल तर अळी पाण्यात तरंगत, खात खात लांब जाणारी होती, आणि दीड-एक वेढ्याचं फुगीर, मोठं टोक असेल तर पिल्लू अंड्यातल्या अन्नावर वाढलेलं, फार लांब न गेलेलं. हे दोन कोटी वर्षांनंतरही वाचता येतं ही मला ह्या सगळ्या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. शिवाय कूळ ठरवायलाही तेच लागतं, पिरॅमिडेलिड कुळात अळीचं कवच पुढच्या शंखाशी आडवं, उलट्या वळणाचं बसलेलं असतं, ते दिसलं की बाकी शंख कितीही साधा गुळगुळीत असो, दिशा मिळते.

टोक मोडलेल्या एकट्या नमुन्यावर नवीन नाव देऊ नये असं माझं ठाम मत आहे. नावं देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम अडवत नाहीत, पण पुढच्या माणसाला तुलना करता येत नाही आणि ते नाव कायमचं लोंबकळत राहतं.

आम्हाला उलट्या वळणाचा बारीक शंख मिळालाय, देवघरातल्या दक्षिणावर्त शंखासारखा, हा नवीन असणार ना?

बहुधा नाही. पूजेच्या शंखाच्या प्रजातीत तसं वळण फारच दुर्मिळ म्हणून त्याला मान. पण ट्रायफोरिड नावाचं बारीक शंखांचं एक अख्खं कूळ आहे, त्यातल्या जवळजवळ सगळ्या प्रजाती त्याच वळणाच्या, आणि आजच्या समुद्रातही त्या भरपूर आहेत. तोंड आपल्याकडे आणि टोक वर धरलं की तोंड डावीकडे येतं. दाणेदार ओळींचा, निमुळता, लांबट असा असेल तर आधी तेच कूळ तपासा. आणि फोटो आरशातल्यासारखा उलटा तर झाला नाही ना तेही बघा, सेल्फी कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत असं होतं.

किती नमुने लागतात?

नियमाने एक पुरतो. चांगलं काम करायचं तर जास्त हवेत, कारण वरचं फरकांचं प्रकरण. पण एकच आहे आणि तो इतका वेगळा, इतका छान टिकलेला आहे की कुणाशीच गोंधळ होणार नाही, तर एकावरही प्रजाती जाहीर होते.

मोबाइलचे फोटो चालतात का?

ओळख विचारायला चालतात, लेन्स लावून बऱ्यापैकी येतात. पेपरसाठी स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, त्याशिवाय प्रोटोकॉन्चवरच्या रेघा दिसत नाहीत. विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत तशी सोय असते, पैसे भरून वेळ मिळते. साधारणपणे नमुन्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर देतात, मुख्य नमुन्यावर तसा थर द्यायचा की नाही हे तो जिथे कायमचा राहणार त्या म्युझियमला आधी विचारा, काही मशीन थर न देताही फोटो काढतात.

डीएनए टेस्ट का करत नाही?

इतक्या जुन्या कवचात डीएनए उरत नाही. सगळा निवाडा आकारावर, म्हणून तर आकाराची एवढी चिकित्सा.

होलोटाइप म्हणजे काय, आणि तो माझ्याकडे ठेवला तर?

होलोटाइप म्हणजे तो एकच नमुना ज्याच्याशी नाव कायमचं बांधलेलं असतं. पुढे कुणालाही शंका आली की तो काढून बघायचा. २००० सालापासून नियम असा की नवीन प्रजाती जाहीर करताना होलोटाइप कुठला ते स्पष्ट सांगायचं आणि तो कुठल्या संग्रहात राहणार तेही लिहायचं. तुमच्या घरच्या कपाटात ठेवू नका. तुम्ही गेल्यावर, घर विकल्यावर, पाणी शिरल्यावर त्याचं काय? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत जीवाश्मांचा मोठा संग्रह आहे, कच्छचे कितीतरी टाइप नमुने (होलोटाइपसारखे नावांशी बांधलेले) तिथे आहेत, कोलकात्याला जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचा संग्रह आहे. त्यांच्याशी आधी बोलून नोंदणी क्रमांक घ्या, तो पेपरमध्ये द्यावा लागतो. लोकांना वाटतं आपला शंख हातचा गेला, पण खरं तर तिथे गेल्यावरच तो सगळ्यांना बघता येतो.

नाव कसं ठेवायचं? गावाचं, आजीचं, स्वतःचं?

प्राण्यांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांची सुरुवात लिनियसच्या १७५८ च्या पुस्तकापासून धरतात आणि सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव रोमन लिपीतच लिहावं लागतं. जागेवरून ठेवायचं तर शेवटी एन्सिस लावण्याची पद्धत आहे, माणसावरून असेल तर पुरुषाच्या नावाच्या शेवटी आय हे अक्षर, बाईच्या नावाच्या शेवटी ए आणि ई. विशेषण असेल तर ते जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलतं, इथे भलेभले चुकतात.

आजीचं नाव जरूर द्या. स्वतःचं देऊ नका, नियमात बंदी नाही पण ते शोभत नाही. गावाचं द्यायचं तर शंख जिथला आहे त्या गावाचं द्या, कच्छच्या शंखाला देवगडचं नाव दिलं तर पुढची शंभर वर्षं लोक त्याला देवगडात शोधतील. आणि तेच नाव त्या जीनसमध्ये आधी वापरलेलं नाही ना हे तपासा, नाहीतर तुमचं नाव बाद होतं, आधीचं टिकतं.

छापायचं कुठे? फेसबुकवर आधी सांगितलं तर चालेल का?

नाव बाहेर फोडू नका. कॉन्फरन्सच्या सारांशात, वर्तमानपत्रात, रीलमध्ये, कुठेच नाही. वर्णनाशिवाय फिरलेलं नाव नियमाने धरलं जात नाही पण गोंधळ मात्र घालतं. वर्णनाचा पेपर तज्ज्ञ तपासतात अशा जर्नलमध्ये द्या. फक्त ऑनलाइन निघणारं जर्नल असेल तर २०१२ पासून चालतं, पण त्या पेपरची झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद करावी लागते आणि ती नोंद केल्याचा पुरावा पेपरमध्ये दिसावा लागतो, हे राहिलं तर नाव वैध धरत नाहीत. पैसे घेऊन आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा.

पैसे मिळतात का?

नाही. आणि नमुने विकूही नका.

इतकं सगळं करून प्रजाती जुनीच निघाली तर?

तर खूप छान काम झालं. जावातली प्रजाती कच्छमध्ये सापडली म्हणजे त्या काळी तिची अळी कुठवर जात होती, समुद्राचे कुठले रस्ते उघडे होते, हे कळतं. चार ओळींचं जुनं वर्णन आणि पुसट चित्र असलेल्या प्रजातीचे चांगले फोटो देऊन पुन्हा नीट वर्णन करणं हे माझ्या मते नवीन नाव देण्याइतकंच मोठं काम आहे, दुर्दैवाने त्याची बातमी होत नाही.

आजच्या समुद्रातले शंख गोळा करायला परवानगी लागते का?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली काही समुद्री शंखांना संरक्षण आहे, ते बाळगणं गुन्हा आहे, म्हणून यादी आधी बघा. तुलनेसाठी भरतीच्या रेघेवरची मूठभर मेलेल्या शंखांची वाळू भरपूर होते, जिवंत प्राणी मारायची गरज नाही. आणि संरक्षित क्षेत्रात, जसं मालवणचं सागरी अभयारण्य, तिथे वाळूही उचलायच्या आधी वनखात्याला विचारा.

कोकणातल्या पावसाळ्यात नमुने टिकवायचे कसे?

हे बाहेरची पुस्तकं नीट सांगत नाहीत. दमट हवेत लाकूड आणि प्लायवूडमधून आम्लाची वाफ सुटते, ती कवचावर बसून पांढरी भुकटी येते आणि शंख खात जाते, ह्याला बाइनचा रोग म्हणतात, नाव रोग असलं तरी हा जंतू किंवा बुरशी नाही, रासायनिक क्रिया आहे. बारीक शंखाचं तर एका-दोन पावसाळ्यात नुकसान होऊ शकतं. म्हणून लाकडी कपाट, पुठ्ठ्याच्या पेट्या, वर्तमानपत्राचा कागद, कापूस ठासलेल्या आगपेट्या, हे सगळं टाळा. काचेच्या छोट्या नळ्या, त्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, डब्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरायचं. औषधाच्या जिलेटिन कॅप्सूल परदेशात सर्रास वापरतात पण आपल्याकडे जुलैत त्या मऊ आणि चिकट होतात. ठेवण्याआधी शंख गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन मीठ काढून टाका, खारट शंख हवेतलं पाणी ओढतो.

ओळख विचारायची असेल तर काय पाठवू?

तोंडाकडून, पाठीकडून, बाजूने आणि टोकावरून वरून, असे फोटो, प्रत्येकात मिलिमीटरची पट्टी. सोबत गाव, थर, तो थर दरडीच्या पायथ्यापासून किती उंचीवर आहे, आणि त्याच थरात अजून काय काय होतं ते, मग त्यात खेकड्याची नखं, प्रवाळ, फोरॅमिनिफेरा (एकपेशी जीवांची बारीक कवचं) काहीही असो. शंख नाक्याच्या खडीच्या ढिगातला असेल तर तसं स्पष्ट लिहा. शंख स्वतः पोस्टाने पाठवू नका, पाकिटावर शिक्का मारताना त्याचा चुरा होतो.